बंबात पाणी चढेना

१ डिसेंबर १९६३, रविवार. अमरावती.
अकोल्याहून बंब आणला. तांब्याचा, चांगला पोटाचा. बसमध्ये ह्यांनी मांडीवर घेतला, कंडक्टर हसत होता. तांबटाने सांगितल्याप्रमाणे खालून नळाची पाइप जोडली, वरून गरम पाण्याची पाइप न्हाणीत काढली. म्हणजे गार पाणी आत शिरेल तसं गरम बाहेर पडेल. ओतायचं नाही, उपसायचं नाही. तोटी फिरवायची.
दुपारी कोळसे घातले. तोटी फिरवली. थेंब, थेंब, मग तेही बंद.
हे म्हणाले, "नवीन आहे, हवा धरली असेल."
हवा कसली. पाण्याला जोरच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार
नळवाला मिस्त्री येऊन गेला. पाइप उकलून पाहिली, स्वच्छ आहे. अंगणातला नळ जमिनीलगत, तिथे करंगळीएवढी धार. बंबाचं तोंड छातीएवढं उंच, तिथवर पाणी चढतच नाही. मिस्त्री म्हणाला, "बाई, बंब चांगला हाये. तुमचं पानीच थकेल हाये."
हे म्हणतात, बादलीने वरून ओतू, काय बिघडतं?
बिघडतं. नाताळच्या सुट्टीत माझे बा येणार आहेत. ह्यांना माहीत आहे सगळं, तरी बोलतात.

४ डिसेंबर
काल अर्धवट राहिलं. लिहून ठेवते.
माहेरी नांदगावला आमच्या लोकांना विहिरीवर चढता येत नसे. बा आणि मी खाली उभे. वरून कोणी आलं, त्याच्या मनात आलं, तर घागरीत ओतायचं. ओतताना अंगावर सांडायचं, हसायचे. बा खाली मान घालून "जी, जी" करायचे. मला तो "जी" अजून ऐकू येतो.
म्हणून माझ्या घरात बांना पाणी कोणी ओतून देणार नाही. ते स्वतः सोडतील, स्वतः बंद करतील. गुडघे धरतात त्यांचे थंडीत, गरमच पाहिजे.

६ डिसेंबर, शुक्रवार
आज पहाटे नळ असा उसळला की बादली कलंडली. बंबातसुद्धा चढलं. धावत बाहेर गेले. शेजारच्या गंगाबाईच्या दाराला कुलूप. भाचीच्या लग्नाला गेली आहे म्हणे.
तर असं आहे. तिचा नळ आमच्या आधी. पाणी सुटल्याबरोबर ती तो पूर्ण सोडते, हौदावर मेथी, पालक, मुळे धुते, मग टोपली घेऊन बाजारात. तोवर पाणी जायची वेळ होते. उरलंसुरलं आम्हाला.

८ डिसेंबर, रविवार
हे म्हणतात, नगरपालिकेत अर्ज देऊ. मी नको म्हटलं. आधी बोलून पाहीन.
बोलले. गंगाबाई मुळे धूतच होती, वर पाहिलं नाही.
"मास्तरीणबाई, माती लागेल भाजी कोन घेईन? माहं पोट हाये त्याच्यावर."
मी म्हटलं, थोडा वेळच बंद ठेवा. पहाटेचा पहिला जोर मिळाला तर छपरावर पिंप भरून घेईन, मग दिवसभर नळाकडे पाहायची गरज नाही.
"अन् माहा बाजार गेला त?"
तिचंही खोटं नाही. पण राग आला. घरी येऊन भांडी आपटली.

१२ डिसेंबर, गुरुवार
तरी पिंप चढवलं. मागच्या भिंतीवर छपराला लागून लाकडी घोडी ठोकून घेतली. नळाची पाइप वर पिंपात, पिंपातून बंबात, बंबातून न्हाणीत. वाफेची नळी पिंपाच्याही वर काढली, नाहीतर बंब फुटायचा. नकाशा मी काढला. पाचवीला दरवर्षी शिकवते, पाणी जितकं उंच तितका जोर. स्वतः करून आजच पाहिलं.
दोन बादल्या शिडीवरून नेऊन ओतल्या. न्हाणीत तोटी फिरवली. धार! जाड, गरम, वाफाळती. हे शिडीवरच बसून राहिले. म्हणाले, "तू इंजिनेर झाली असती."
मी म्हटलं, आधी खाली उतरा. पण दिवसभर शाळेत पाय जमिनीवर नव्हते.
आता पिंप आपोआप भरलं पाहिजे. रोज शिडी चढणं जमणार नाही, ह्यांची कंबर.

१५ डिसेंबर, रविवार
गंगाबाई स्वतः आली. छपराकडे बघत उभी राहिली.
"एवढा खटाटोप कोनासाठी?"
"बांसाठी."
"कोन्या गावचे?"
सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. आवाज चढला माझा, चढू दिला.
तिने छपरावरची नजर खाली आणली. मग म्हणाली, "आमच्याही गावात तशीच होती इहिर. आमी वरून ओतत होतो." जाताना पदराने हात पुसत राहिली. डिसेंबरच्या पाण्याने बोटं फुटली आहेत तिची.
हे म्हणाले, काय म्हणत होती? मी म्हटलं, काही नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
पहाटे छपरावर पाण्याचा आवाज. पिंपात धो धो पडत होतं. बाहेर आले तर गंगाबाई आपल्या बंद नळापाशी बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होती. पिंप भरून वाहायला लागलं तेव्हा ओरडली, "झालं का वं? आता मी सोडतो."
भाजी रात्रीच निवडून ठेवते म्हणाली, मग धुवायला वेळ लागत नाही.
तिला गरम पाण्याची बादली नेऊन दिली. हात बुडवून बसली. "बाप्पा," म्हणाली, डोळे मिटून.

२२ डिसेंबर, रविवार
बा आले. पांढरं धोतर, नवा सदरा. धम्मदीक्षेला नागपूरला गेले होते तेव्हासारखे. बसस्टँडवरून चालतच आले, रिक्षा नको म्हणाले.

२३ डिसेंबर, सोमवार
सकाळी बांना न्हाणीत नेलं. तोटी दाखवली. म्हणाले, "तू सोड."
"तुमी सोडा, बा."
फिरवली. पाणी आलं. बंद केली. पुन्हा सोडली. पुन्हा बंद. मी दाराबाहेर उभी.
"शांते."
"जी?"
"कोनाले इचारा लागत नाई न?"
"नाही, बा."
मग कितीतरी वेळ पाण्याचा आवाज. पिंप रिकामं केलं त्यांनी. बाहेर आले तर कानाच्या पाळ्या लाल, केस उभे. चुलीपाशी बसून म्हणाले, "संपलं व पानी."
मी म्हटलं, उद्या पुन्हा भरेल.
मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटत नाही. खूप वाटला.

२९ डिसेंबर, रविवार
बा गंगाबाईशी रोज बोलतात. मुळ्याच्या बियाण्याबद्दल. तिने विहिरीचं काढलं असावं, कारण संध्याकाळी बा म्हणाले, "बाई सरळ हाये."
मी म्हटलं, बा, आता इथंच राहा. हेही म्हणाले. बांनी पानात सुपारी घातली.

५ जानेवारी १९६४, रविवार
बा आज गावी गेले. बसपाशी सांगितलं. ग्रामपंचायतीची सभा आहे. गावात नळ येणार, पण आमच्या वस्तीपर्यंत पाइप आणायची नाही असं चाललं आहे. वस्ती उंचावर, पाणी चढत नाही म्हणतात.
"चढते," बा म्हणाले. "म्या पायलं हाये. तू ये न सभेत. कसं चढवलं तेवढंच सांग."
"माझं ऐकतील का, बा?"
"आईकतीन का नाई, ते त्यायचं. तू उभी राहून सांग."
बस सुटली तेव्हा खिडकीतून हात हलवला त्यांनी. मान वर.
सभा पुढच्या रविवारी. मी हो म्हणाले आहे. ह्यांनी सदऱ्याला इस्त्री करायला घेतली, हेही येणार. पहिलं वाक्य काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही.