बदलीवर गेलेला निकाल

आप्पा,

तुम्ही गेल्यावर मी कायदा शिकले आणि आता तोच शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. आज वर्गात युरोपातल्या न्यायालयांचा विषय होता. तिकडे मोठा वाद चाललाय. न्यायालय निकाल देतं आणि सरकारच तो पाळत नाही. मग पाळेपर्यंत रोजचा दंड लावायचा का, आणि दंडालाही जुमानलं नाही तर पुढे काय, यावर शहाणी माणसं जाड जाड पुस्तकं लिहितात. मी ती वाचते, मुलांना समजावून सांगते. पण निकाल हातात असून हक्क मिळत नाही म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते मला सुरतेत, लिंबायतच्या आपल्या खोलीत, वयाच्या तेराव्या वर्षी कळलं.

नव्वदीची ती मधली वर्षं. तुम्ही बमरोलीच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लूम चालवायचात. हजेरीच्या पुस्तकात कारीगरांची नावं लिहा, एवढंच तुम्ही शेठकडे मागितलं होतं. तेही हात जोडून. दुसऱ्या दिवशी दारावरच सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. मग चार वर्षं कामगार न्यायालय. तुम्ही कधी मार्केटात कापडाचे गठ्ठे उचलायचात, कधी उसाच्या हंगामात चलथाणला जायचात, आणि तारखेच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालायचात. आई चिडवायची, ‘लगीन शे का कोनं?’ तुम्ही हसून म्हणायचात, ‘साहेबनी वळखाले पाहिजे ना माले.’

आणि निकाल आपल्या बाजूने लागला. कामगार संघटनेच्या वकिलांच्या कारकुनाने तुमच्या हातात नक्कल दिली आणि तोंड गोड करा म्हणाला. तुम्ही धावतच घरी आलात. मी चुलीपाशी बसून भाकरी खात होते. तुम्ही कागद माझ्यापुढे धरलात. ‘पोरी, वाच. काय लिखेल शे त्यामा?’ गल्लीतली बाकी पोरं मराठी शाळेत जायची. मला तुम्ही मुद्दाम गुजराती शाळेत घातलं होतं, कारण या गावात कागद गुजरातीत येतो आणि आपल्या घरात तो वाचणारं एक तरी माणूस हवं, असं तुमचं म्हणणं. मी उभी राहून मोठ्याने वाचू लागते. कामगाराला पूर्वीच्याच कामावर परत घ्यावे, हे वाक्य येतं आणि आई पदराने डोळे पुसते. तुम्ही म्हणता, ‘परत वाच.’ मी परत वाचते. तुम्ही तिसऱ्यांदा वाचायला लावता. शेजारचे जमतात, धाकटे काका पेढे आणायला पळतात, आणि त्या गलक्यात माझ्या हातातला कागद तुम्ही काढून घेता, त्याला हळदकुंकू लावता आणि देवापुढे ठेवता.

दोनच दिवसांनी आत्याच्या मुलीच्या लग्नाला अमळनेरकडे गावी जायचं होतं. नवरीला बोहल्यावर तिचा मामाच आणतो, तेव्हा तुमच्यावाचून चालणार नव्हतं. आधी कामावर रुजू व्हायचं आणि लगेच रजा मागायची, तर शेठपुढे कोणत्या तोंडाने जाणार? लग्नानंतर आजीकडे राहायचं, शेताच्या वाटणीचं काम उरकायचं, महिना तरी लागणार होता. आईने विचारलं, तवर जागा राहील का? तुम्ही अगदी सहज म्हणालात, ‘तुना देर जाई ना. आठे बदली चालस.’ आईचा दीर म्हणजे धाकटे काका. आणि खरंच, सगळ्या सुरतेत तीच रीत होती. कारीगर गावी गेला की भाऊ, साडू, गाववाला, कुणीही त्याच्या लूमवर उभं राहायचं. शेठला कापड निघण्याशी मतलब. बदली दिली की जागा राखली, हा आपल्या लोकांचा कायदा होता, आणि तो कधी मोडलेला तुम्ही पाहिला नव्हता.

काका निकाल घेऊन खात्यावर गेले. शेठचा हिशेब पाहणाऱ्या मेहताजीने त्यांना तीन-साडेतीन आठवडे आज-उद्या करत झुलवलं, मग चहा पाजला, दोन दिवस लूमवर उभंही केलं. तिसऱ्या दिवशी एका कागदावर त्यांची सही घेतली. सही झाल्यावर मात्र म्हणाला, ‘कोर्टे एने बोलाव्यो छे, तने नहीं.’ कोर्टाने त्याला बोलावलंय, तुला नाही. मग काकांना दाराबाहेर काढलं. काकांनी गावी निरोप धाडला, पण तो पोचायच्या आत आपण भुसावळ पॅसेंजरने परत निघालो होतो. सुरतेला उतरलो तेव्हा निकालात दिलेली तीस दिवसांची मुदत संपून चार दिवस झाले होते. त्या सहीच्या कागदावर लिहिलं होतं की काम देऊ केलं असताना कामगार स्वतः आला नाही.

वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. निकालाच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, ‘तीस दिवसांत कामगाराने जातीने हजर व्हावं, नाहीतर हक्क राहणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. घरी कुणी वाचून दाखवलं नाही का?’ मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांना म्हणालात, ‘वाचून दाखवलं होतं साहेब. मीच ध्यान नाही दिलं.’ पुढचे अर्ज फेटाळले गेले, आणि जबाबदारी झटकायला शेठने खात्याच्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी लावली. तुम्ही पुन्हा गठ्ठे उचलू लागलात आणि पाच वर्षांत गेलात. त्या पाच वर्षांत तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, आप्पा. एक थोबाडीत मारली असती तरी मी सुटले असते.

कारण दुसरं पान मी वाचलं होतं. निकाल आला त्याच संध्याकाळी, घर रिकामं झाल्यावर, देवापुढून कागद उचलून वाचलं. कळलंही होतं. पण ते सांगितलं तर तुम्ही गावी जाणार नाही, आणि तुम्ही नाही तर आपण कुणीच जाणार नाही, हेही कळलं होतं. मला लग्नाला जायचं होतं. काका जातीलच, तेवढ्यावर भागेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि कागदाची घडी जशीच्या तशी करून ठेवली. बाकी सगळ्यांची अक्कल मी आज वर्गात काढते, शेठची, मेहताजीची, न्यायालयांची. हक्क बजावून घ्यायचा तर तो आधी माणसाला माहीत हवा, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. तुम्हाला तो कुणी माहीत होऊ दिला नाही, हे मला अजून गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

तुमची गोष्ट मी दर वर्षी सांगते. नाव न घेता, एक कारीगर म्हणून. आज मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही?’ मी म्हटलं, त्यांच्या घरात गुजराती वाचता येणारं कुणी नव्हतं.