गोठलेला वास

टोईव्होला, मिशिगन
९ नोव्हेंबर १९८७

चि. आर्वोस,
ताईचे आशीर्वाद, आणि सोबत थोडी धास्तीही. वि. वि.

रविवारी हरणांची शिकार खुली होतेय आणि बाबा आठवडाभर बंदूक पुसत बसलेत. काल त्यांच्याकडे गेले तर अंगणातच घाण वास आला. माजावरच्या हरिणीच्या मुताची बाटली त्यांनी शेगडीवर ठेवली होती. थंडीत ते गोठतं, मग वास सुटत नाही आणि नर फिरकत नाही, हे मान्य. पण बाटली तडकून सगळं शेगडीवर करपलं होतं, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाबा शेजारी बसून निवांत कॉफी पीत होते! मी ओरडले तेव्हा कुठे वळून पाहिलं. म्हणाले, सर्दी झालीय. शिंक मात्र एकही नाही.

आर्वो, उद्या गॅस सुटला तर त्यांना कळेल का रे?

तुझी,
सिल्वी

ड्युलुथ
१२ नोव्हेंबर

ती. सिल्वीताईस,
धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

तुझी करपलेली मासळी इतकी वर्षं मुकाट खाणाऱ्या माणसाचं नाक कधी चालू होतं, असंच आधी मनात आलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. उन्हाळ्यात ते नासलेलं दूध कॉफीत घालून प्यायले होते, आठवतं? बंदूक लपवू नकोस, चिडतील. त्यांच्याबरोबर जा. एकटं सोडू नकोस. आणि लगेच कळव.

तुझा,
आर्वो

टोईव्होला
१६ नोव्हेंबर

चि. आर्वोस आशीर्वाद. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत, हे आधी वाच.

काल पापण्यांवर बर्फ धरत होतं. नवी बाटली त्यांनी सदऱ्याच्या आत, छातीशी ऊब देत नेली. फांदीला चिंधी बांधून त्यावर ओतू लागले, ते थांबेचनात. हळूच मला विचारलं, येतोय का गं वास? अर्धी बाटली त्यांच्याच बाहीवर सांडली होती.

थोड्या वेळाने नर आला. केवढा थोरला! चिंधी सोडून तो थेट बाबांकडे निघाला. बंदूक उचलायचीही सोय नव्हती, इतका जवळ. त्याने बाहीला नाक लावलं. माझ्या तोंडून किंकाळी फुटली, तो उसळला, शिंग लागून कोट फाटला आणि बाबा बर्फात पडले. मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही.

मी उठवायला गेले तर उठेनात. तिथे बसूनच सांगितलं: ईस्टरपासून कसलाच वास येत नाही. कॉफीचा नाही, सौनाच्या वाफेतल्या बर्चच्या डहाळ्यांचा नाही. मी रागावले, सांगितलं का नाही? तर म्हणाले, तुझी आईसुद्धा साध्या खोकल्यासाठी इस्पितळात गेली होती, ती परत आलीच नाही.

मग मला त्यांच्यावर रागावता येईना.

खूप विनवण्यांनंतर गुरुवारी हॅनकॉकच्या डॉक्टरांकडे यायला तयार झालेत. गाडीत बसताना बाहेर बघत म्हणाले, आर्वोला सवड असेल का, विचार. आजवर त्यांनी कुणाला ये म्हटलेलं मला आठवत नाही.

लोभ या वेळी पत्रातून नको, स्वतः घेऊन ये.

तुझी,
सिल्वी