चित्रात इस्तो नाही

नागपूर, डिसेंबर १९३४

चमेले, तुले चिचगडात तुझ्या मोठ्या बहिणीचा नागपुरातून आशीर्वाद. जवाईबापू, हे पत्र तिले मोठ्यानं वाचून दाखवा, एकही ओळ गाळू नका.

माझी काळजी करू नको. मिशनच्या दवाखान्यात सैपाक करून राहिली आहे, पोटभर खायले भेटते. नवं कांबळंही भेटलं.

रविवारी दुपारी फादर अन् मिशनचे मास्तर आम्हा मोठ्या माणसांची शाळा घेतात. चित्रं दाखवतात, जुन्या ज्ञानी लोकांचं सांगतात. ते लोक म्हणे प्रश्न इचारून इचारूनच शहाणे झाले. मले हे पटलं होतं.

काल येशूच्या जन्माचं मोठं चित्र लावलं. गोठा, थंडी, गवतावर लेकरू. तीन शहाणे राजे सोनं अन् धूप घेऊन आलेले. मी उठून इचारलं, "बाळंतीण थंड्या भुईवर बसली आहे. तिले शेकाले इस्तो काऊन नाही?"

सारे हसले. मास्तर म्हणाले, "जमुना, हे चित्र आहे, बाळंतपण नाही. बस खाली!" फादरही हसले. मंग प्रश्न इचारा म्हणून सांगता कायले? इतके शहाणे पुरुष जमले, पण एकालेही दोन लाकडं आणायचं सुचलं नाही! मी बसली नाही, सरळ निघून आली.

तुले नववा लागला ना? पाय सुजतात का? मागच्या खेपेले तुले थंडी भरली होती, ते मी विसरली नाही.

जवाईबापू, सोनं नको, धूप नको. जंगलात राहता तुम्ही. हे पत्र खाली ठेवा अन् कुऱ्हाड घ्या.

तुझीच,
जमुना