शेवटचा गडी

गुरुवार, १० मे

मंडपवाले शेठ आज दोरखंड गुंडाळता गुंडाळता सहज बोलल्यासारखं बोलले. "मोजपट्टी, येतोस का आमच्याबरोबर? मोठं प्रदर्शन आहे, शहरोशहरी फिरायचं. तंबूची सगळी जबाबदारी तुझी." माझी! आठवीत शाळा सोडलेल्याची! दोन्ही हात पसरून मोजत होतो तो दोर किती वाव झाला ते विसरलो, परत पहिल्यापासून मोजला. उगाच नाही मला मोजपट्टी म्हणत!

रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं. सोमवारी पहाटे ट्रक निघणार.

घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात गेला आणि निम्मे शब्दही. डाव्या हातानं माझी बाही धरली. मग म्हणाले, "गाडी... कधी?" डोळे भरले होते. माझ्यापेक्षा त्यांनाच घाई!

आता सगळं दादावर. उद्या तो सुट्टीला येतोय. त्यानं बाबांना आपल्याकडे नेलं तर मी सुटलो. ("सुटलो" लिहायला नको होतं. पण खोडलं तर पान घाण दिसेल.)

शुक्रवार, ११ मे

दादा-वहिनी आले. भलंमोठं कलिंगड, बाबांना टोपी, मला मनगटी घड्याळ. "एवढं कशाला?" म्हटलं, तर दादा म्हणाला, "घाल रे गुपचूप."

दुपारी तो बाबांच्या खोलीत दार लोटून बसला. मी मोरीत भांडी मुद्दाम आपटत होतो, ऐकतोय असं वाटायला नको म्हणून. बाहेर आला तो घाम पुसतच. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "जरा तळ्याकडे पाय मोकळे करून येतो." चांगलाच उशीर लावला.

जेवताना विषय काढलाच. ट्रक, शेठ, बाबा, सगळं सांगितलं. दादा ताटात बघत म्हणाला, "आधी दोन दिवस तळ्यावरच्या मेळ्यात मजा करू की रे." वहिनी म्हणाली, "भाऊजी, उद्या होडीत बसायचं हं! दुर्मुखलेला चेहरा घरी ठेवून यायचा."

बाबांना झोपवताना परत तेच. "गाडी?"

सोमवारी, बाबा. सोमवारी.

शनिवार, १२ मे

तळ्याकाठी अख्खं गाव लोटलेलं. बँड, पोहण्याच्या शर्यती, पोत्यात पाय घालून उड्या. मंडप मीच उभा केलेला, म्हणून मला मजा कसली! वारा सुटला की माझं लक्ष खुंट्यांकडे. बाबांची खुर्ची सावलीत लावली. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची.

वहिनी उतरल्यावर होडीत आम्ही दोघेच उरलो. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर म्हटलं, "दादा, बाबांचं काय करायचं?"

"ते बघ! बदक!"

बदक नव्हतं. प्लास्टिकची पिशवी होती. दोघांनीही ती नीट बघितली, आणि मग तो जोरजोरात वल्ही मारायला लागला.

उद्या एकच दिवस. भूक नाही.

रविवार, १३ मे

क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

सकाळी रस्सीखेच. वरची आळी विरुद्ध खालची आळी. आमच्या बाजूला शेवटचा गडी म्हणजे बाबा, कमरेला दोर बांधून. माझ्या जन्माआधीपासून. गेल्या वर्षी ती जागा रिकामी राहिली आणि आम्ही हरलो. यंदा सगळ्यांनी दादाला पुढे केलं. तो पोटावर हात फिरवून म्हणाला, "हे ओढतोय तेच पुष्कळ आहे." मग मला ढकललं.

समोरून हशा! "अरे, दोर ओढायचाय, मोजायचा नाही!"

पहिला हिसका बसला आणि मी घसरलो. तेवढ्यात बाबा खुर्चीतून ओरडले. "टाच!" एकच शब्द, पण अख्खा. कितीतरी दिवसांत त्यांचा असा शब्द ऐकला नव्हता. मी टाचा रोवल्या. डोळे मिटले. बाकी काही आठवत नाही. जिंकलो! दादानं मला उचललं. वहिनी शिट्टी वाजवत होती. बाबा एका हातानं मांडीवर थापा मारत होते.

त्याच भरात दादाला म्हटलं, "आता तरी सांग ना. नेशील बाबांना?"

त्याचा चेहरा पडला. "बाबांना विचार."

"त्यांचं काय विचारायचं? रोज गाडीच विचारतात!"

तो कपडे झटकत राहिला. मग बॅगा भरल्या, आणि दुपारच्या बसनं दोघं गेलीसुद्धा. वहिनी वळून वळून बघत होती.

संध्याकाळी शेठकडे गेलो, एक दिवसाची मुदत मागायला. ते कनाती घडी करत होते. म्हणाले, "तुला माहीत नाही? तुझा भाऊ शुक्रवारीच येऊन गेला की. नाही म्हणून सांगून गेला. मी दुसरा माणूस घेतला."

दादा! घड्याळ काढून तळ्यात फेकावंसं वाटलं.

शेठनी हातातली घडी खाली ठेवली. "त्याच्यावर चिडू नकोस. बाबांनीच पाठवलं होतं त्याला. पोराच्या पाया पडले म्हणे, डाव्या हातानं. 'इथंच' आणि 'धाकटा... नको', एवढंच कसंबसं म्हणाले."

त्यांना एका कनातीची घडी घालू लागलो. कडेला कड जुळवून. मग घरी आलो.

बाबांना काही विचारलं नाही. भात कालवून भरवला.

सोमवार, १४ मे

पहाटे ट्रक गेला. बाबा जागेच होते. "गाडी?" म्हणाले. "गेली," म्हटलं. त्यांनी अंधारात चाचपडत माझं मनगट शोधलं, घट्ट धरलं आणि लगेच झोपले. आता घोरतायत. किती वाजले कळत नाही. घड्याळ त्यांच्या मुठीत आहे.