कोनशिलेवरचं वाक्य

कराड,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिग्विजय,

सकाळपासून पाऊस नाही. मंडईतून भाजी आणली, दोन चादरी धुऊन वाळत घातल्या, ऑफिसची एक फाईल घरी आणली होती ती वाचली, जेवले. मग तू मोबाईलवर पाठवलेला कोनशिलेचा फोटो पुन्हा उघडून बघितला. काळा दगड, सोनेरी अक्षरं. वर ‘कै. जयराज स्मृती माहिती केंद्र’, खाली तो गेल्याची तारीख, आणि मधोमध त्याचे शेवटचे शब्द म्हणून ‘आधी बॅग पोचव’. तू लिहिलं आहेस की हे वाक्य कोरायला बहीण म्हणून माझी संमती हवी, कारागीर थांबला आहे, आणि येत्या खंडेनवमीला उद्घाटन आहे. फोनवर उत्तर देता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच रडतोस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. म्हणून कागदावर लिहिते.

तू आमच्याकडे पहिल्यांदा आलास तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतास. मला पाटबंधारे खात्यात नुकती नोकरी लागली होती आणि आई-अण्णांनी जयराजला मेढ्याहून माझ्याकडे शिकायला ठेवलं होतं. तुला हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नव्हती. जयराज म्हणाला, ताई, कवठे महांकाळचा आहे, लाजतो, भूक लागली तरी सांगत नाही. तू चपला हातात धरून दारात उभा होतास, बाहेर ठेवल्या तर जातील म्हणून. शिक्षण संपेपर्यंत दोघं माझ्या हातचं जेवलात. एका दिवाळीला तुझ्या आईने, तानुबाईंनी, काळं घोंगडं पाठवलं. ते मी अजून थंडीत पांघरते. तुला बोलता यायचं, त्याला काम यायचं. लेखी परीक्षेच्या आधी तो तुला शिकवायचा, तोंडी परीक्षेला तू त्याला ढकलून आत पाठवायचास. पुढे एकाच पतसंस्थेत दोघांना नोकरी लागली तेव्हा मला बरं वाटलं. आई-अण्णा तोवर गेले होते. मनात म्हटलं, मी नसले तरी हे दोघं एकमेकांना बघतील.

संस्थेच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सगळ्या शाखांची खाती ज्या मशीनवर होती, त्याला जयराज म्हातारी म्हणायचा. मला त्यातलं फार कळत नाही. एवढं कळलं की ते कपाट म्हणजे रांगेने लावलेल्या डिस्क, आणि त्यांना सांभाळणारे दोन मेंदू. नवं सॉफ्टवेअर घालायचं झालं की एकाला झोपवायचं आणि दुसऱ्यावर सगळा भार द्यायचा. पहिला उठून नीट बोलायला लागला की मगच दुसऱ्याला हात लावायचा. शाखांना पत्ता लागता कामा नये. हे तो रविवारी करायचा, आणि तेही आधी एका सुट्या मशीनवर करून बघून. तू टिंगल करायचास, ‘गड्या, म्हातारीची बाळंतपणं तरी किती करशील?’ तो म्हणायचा, ‘तू संचालकांची कर, मी हिची करतो.’ मग कंपनीने त्या मशीनसाठी नवं सॉफ्टवेअर देणं बंद केलं. डिस्क मिळेनात, पुण्याहून वापरलेल्या आणून लावायची वेळ आली. चालू आहे म्हणजे बरी आहे असं नसतं, हे तो मला सांगायचा, पण संचालकांसमोर त्याची जीभ उचलायची नाही. तुमचे चेअरमन नाथाजीराव त्याला एकदा म्हणाले होते, ‘चालतंय न्हवं? मग कशाला हात लावतोस रं?’ घरी आल्यावर तो हे त्यांच्या आवाजात करून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. नव्या मशीनची मंजुरी शेवटी तू मिळवलीस. ते मी नाकारत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तरी क्रमाने लिहिते, कारण वर्षभर सगळ्यांनी तू सांगितलेलंच ऐकलं आहे.

खंडेनवमी, दसरा आणि रविवार असे सलग दिवस शाखा बंद होत्या. तेवढ्यात जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं ठरलं. तू इथे मुख्य कचेरीत थांबलास. तो सांगली शाखेत गेला, कारण खात्यांची दुसरी प्रत तिथे होती, आणि इकडे हलवाहलव चालू असताना त्या प्रतीपाशी माणूस बसला पाहिजे हा त्याचाच हट्ट. निघताना त्याने मोटारसायकलवर बसून तुला फोन केला. मी दारात होते. ‘दिग्या, पूजा दाराबाहेर. आत फक्त हळदकुंकू आणि फूल. उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही. धूर दिसला की आग विझवायचा गॅस सुटतो, आणि त्याचा दणका फिरत्या डिस्कला सोसत नाही.’ तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. तो हसून म्हणाला, ‘व्हय व्हय, लय शहाणा हायस.’ आणि गेला.

खंडेनवमीला आपल्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. नवं मशीन आलेलं, चेअरमनच्या घरच्या बायका ताट घेऊन आलेल्या. त्यांना दारात थांबवणं तुला जमलं नाही. कापूर पेटला, धूप फिरला, घंटी वाजली. मग भोंगा झाला आणि गॅस सुटला. बायका ओरडत बाहेर पळाल्या, कुणाला काही लागलं नाही. डिस्क तेवढ्या गेल्या, जुन्याच्या, आणि अर्धवट भरलेल्या नव्याच्याही. कोऱ्या डिस्क पुण्याहून मागवता आल्या, पण त्यांत भरायचं ते आता फक्त सांगलीत होतं. नेटच्या तारेवरून आणायला आठवडा गेला असता, आणि सोमवारी शाखा उघडायच्या होत्या. नाथाजीरावांनी तुला सगळ्यांसमोर काय काय सुनावलं, तेही माझ्या कानावर आलं आहे. तू घाबरलास. घाबरणं मी समजू शकते.

जयराजने त्या प्रतीच्या डिस्क स्पंजमध्ये बसवून पाठीवरच्या बॅगेत भरल्या आणि मोटारसायकलवर निघाला. तू चेअरमनची गाडी आणि त्यांचा ड्रायव्हर हरिबा यांना घेऊन आष्ट्यापर्यंत येतो म्हणालास, तिथे बॅग घ्यायची ठरली. आष्ट्याच्या थोडं अलीकडे दसऱ्याचा झेंडू भरलेला पिकअप त्याच्यावर आला. तू जवळच होतास, ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचलास. बॅग घेऊन कराडला परत गेलास. ॲम्ब्युलन्सने त्याला सांगलीला नेलं. वाटेत तो गेला. मला फोन आला तो शाखेतल्या शिपायाचा. तू त्या वेळी डिस्क लावत होतास.

सोमवारी सगळ्या शाखा वेळेवर उघडल्या. एकाही खातेदाराला काही कळलं नाही. त्या सकाळी मी संगमावर रक्षाविसर्जन करत होते.

दहाव्याला तू आलास. माझ्या पायांशी बसलास आणि म्हणालास, ‘ताई, मी त्याला गाडीत घालत होतो. त्यानंच माझा हात धरला. म्हणाला, आधी बॅग पोचव.’ खोलीतल्या बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी पाण्याचा तांब्या तुझ्याकडे सरकवला. तुझी आई मला मिठी मारून म्हणाली, ‘बाई, तुजा भाव द्येवमाणूस. मरताना बी माज्या पोराला काम सांगून ग्येला. लय जीव हुता गं दोघांचा.’ मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर साताऱ्यात सत्काराचा कार्यक्रम झाला. तुला शाल दिली, मला साडी दिली. नाथाजीराव भाषणात म्हणाले, ‘अशी माणसं आता न्हाईत.’ मग तू माइकवर ते वाक्य सांगितलंस आणि तुझा आवाज कापला. तो दर वेळी त्याच ठिकाणी कापतो. तू ढोंग करतोस असं मला वाटत नाही. सांगून सांगून तुला ते खरं वाटायला लागलं असावं. पुढच्या महिन्यात तुला बढती मिळाली आणि तू पेढे घेऊन आधी माझ्याकडे आलास. मी एक खाल्ला.

दिग्विजय, सांगलीला ओळख पटवायला मीच गेले होते. चादर पूर्ण खाली घेऊ नका असं दवाखान्यातले लोक म्हणत होते. मी घ्यायला लावली. त्याच्या खालच्या जबड्याच्या जागी जे होतं ते इथे लिहिणार नाही. मी डॉक्टरांना एकच विचारलं, हा पडल्यावर काही बोलला असेल का? ते म्हणाले, बाई, एक शब्दही शक्य नव्हता. म्हणजे दहाव्याला तू माझ्या पायांशी बसून बोलत होतास तेव्हा मला हे माहीत होतं. साताऱ्यात पहिल्या रांगेत बसले होते तेव्हाही माहीत होतं, आणि पेढा खातानाही.

बोलला नाही, मग त्याने केलं काय, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी उन्हाळ्यात मी आष्ट्याला जाऊन आले. रस्त्याकडेला चहाची टपरी आहे, चंद्राबाई नावाची म्हातारी चालवते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती म्हणाली, ‘त्यो सायेब आला तवा ह्यानं त्येची बाही धरली. सोडंना बघा. मग सायबानं येक येक बोट सोडिवलं, आन् बॅग काडून घितली.’ मी परत येऊन हरिबाला बोलावलं. तो आधी काही सांगेना. मग खाली बघत म्हणाला, ‘आवं ताईसाब, मी म्हनलं, मागच्या शिटवर झोपवू. सायेब म्हनले, तितं डिस्का ठिवायच्यात, धक्का बसंल. ॲम्ब्युलन्स यील.’ बॅगेला तू पट्टा लावलास, असं तो म्हणाला. सीटवर उभी ठेवून, माणसाला लावतात तसा. गाडीतून नेला असता तर जयराज वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते, तर तू सुटला असतास. म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझी संमती आहे. वाक्य कोरायला सांग. फक्त दगड बाहेर रस्त्यावरून दिसेल असा नको, आत, मशीनच्या खोलीत, तुझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावायचा. कुटुंबाची तेवढी एकच अट आहे असं संचालकांना कळव, ते नाही म्हणणार नाहीत. हे नवं मशीनही जुनं होईल, त्याचं सॉफ्टवेअर बदलावं लागेल, डिस्क बदलाव्या लागतील, आणि आता ते काम तुझं आहे. ज्या ज्या रविवारी कचेरी बंद असेल आणि तुला तिथे एकट्याला बसावं लागेल, त्या त्या रविवारी तू ते वाच. चंद्राबाई आणि हरिबा कुणाला काही सांगणार नाहीत, मी त्यांचा शब्द घेतला आहे. मीही सांगणार नाही, तुझ्या आईला तर नाहीच. त्या मला अजून लेकीसारखं मानतात. कधी तुलाच असह्य झालं आणि तू कुणापाशी खरं बोललास, तर ते माझ्याकडे खात्री करायला येतील. मी त्यांना सांगेन की दिग्विजयच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, मित्र गेल्यापासून असं काहीतरी बोलतो. जयराजचे शेवटचे शब्द तेच होते, असंही सांगेन. उद्घाटनाला मी येईन. जेवायला केव्हाही ये, तुझं ताट असतंच. नळाला पाणी आलं आहे, हंडा भरत आला असेल. उठते, तो बाजूला करते आणि दुसरा लावते.

तुझीच,
प्रियदर्शनीताई