हरकत नसलेला एकमेव कर्मचारी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, पण कागदावर वाकायला काय जातं). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा राग कसा आहे? दोन्ही थंडीत वाढतात म्हणून विचारलं. तुझ्या लेकीने परधर्मातला मुलगा पसंत केला आणि तू तिच्याशी बोलणं टाकलंस, तो विषय काढायचा नाही अशी तुझी ताकीद आहे. नाही काढत. आमच्या ऑफिसची गंमत तेवढी सांगतो.

वरून परिपत्रक आलं, की ज्या सरकारी कर्मचाऱ्याला एखादं काम श्रद्धेमुळे करवत नसेल त्याने तसा अर्ज द्यावा, ते काम दुसऱ्याकडे जाईल. मी म्हटलं, चांगलंच आहे, माणसाच्या मनाला जपावं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खं ऑफिस भाविक झालं. दारूच्या परवान्यांचा कारकून म्हणाला, त्या फायलींना हात लावला की मन अपवित्र होतं (शनिवारी हाच बाटलीला हात लावतो, पण ती म्हणे फाइल नव्हे). उंदरांचं औषध टाकणाऱ्याला एकाएकी जीवदया सुचली. शिपायाचं तर विचारूच नकोस. पहिल्या मजल्यावर प्रार्थनेची खोली आहे, सबब दुसऱ्या मजल्यावर गेलं की आपले पाय देवाच्या डोक्यावर येतात, हे इतक्या वर्षांनी त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या फायली तिथेच समाधी लावून बसल्या.

आणि मी शहाणा! 'माझी कशालाच हरकत नाही' असं लिहून दिलं. त्या क्षणापासून परिपत्रकातला तो 'दुसरा' म्हणजे मीच. सकाळी दारूचे परवाने, दुपारी उंदीर, मधल्या वेळात जिना. एकदा घाईत औषध परवान्यांच्या कपाटात ठेवलं आणि परवाने बिळापाशी. उंदरांनी ते आवडीने खाल्ले. एक दुकानदार रोज फेऱ्या मारतोय, त्याला काय सांगू, की तुमचा परवाना उंदरांना मंजूर झाला?

हसण्यावारी नेता आलं नाही ते फक्त लग्ननोंदणीच्या बाईंचं. दोन धर्मांच्या जोडप्याच्या लग्नावर सही करणं त्यांना खरोखरच जमत नाही. सांगताना डोळे भरून आले त्यांचे. त्या बदल्यात माझं जन्ममृत्यूच्या नोंदींचं किचकट काम त्या न सांगता उरकून टाकतात. म्हणून तसल्या लग्नांची खुर्ची मी आनंदाने घेतली. आणि ताई, मला ते काम फार आवडतं. नवरे घाबरून स्वतःचंच नाव चुकवतात, नवऱ्या हसत सुटतात आणि शेवटी भान हरपून दोघं मलाच मिठी मारतात. घरी येईपर्यंत मी जमिनीवर नसतो.

बाकी क्षेम. भावोजींना माझा नमस्कार, त्यांची घ्यायची तयारी असली तर.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी अकरा वाजता माझ्यापुढे जे जोडपं उभं राहणार आहे, त्यातली नवरी तुझी लेक आहे. (विषय मी काढलेला नाही, तो आपल्या पायांनी माझ्या टेबलाशी आला.) भावोजींचा फोन येऊन गेला. परिपत्रकाचा फायदा घे आणि नाही म्हण, असं म्हणाले. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सही माझ्याकडून होणार नाही. पण टेबलावरची फुलं माझ्या बागेतली असतील."

आणखी एक ता. क. भावोजींचा शब्द मला मोडवला नाही. अर्ज दिला आणि साहेबांनी तो मंजूरही केला. लिहिलंय असं, की आई समोर नसताना भाचीचं लग्न लावणं माझ्या श्रद्धेत बसत नाही. नियमाप्रमाणे काम आता दुसऱ्याकडे जायला हवं, पण दुसरा मीच. तेव्हा ये. पोरगी सारखी दाराकडे बघत राहील, मला ते बघवणार नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. लग्नाची खोली तळमजल्यावर आहे, तिथे यायला शिपायाचीसुद्धा हरकत नाही.