समुद्राचा तळ आणि आपलं माळवद

प्रिय आबा,

आज देगलूरच्या शाळेत नववीला खंड कसे सरकतात तो धडा घेत होते. फळ्यावर समुद्र काढला आन् खडू ठेवून खुर्चीत बसले. पोरी म्हणाल्या, "बाई, बरं न्हाई का?" काय सांगू त्यांना? हाच धडा सांगून मी माझ्या बापाला कायमचं गप्प केलं, असं? म्हणून तुम्हालाच लिहून राहिले.

किल्लारीच्या भूकंपात आपलं घर पडलं, माय गेली. मी सहा वर्षांची. तेव्हापासून तुमचं एकच, "मीच मारलं तिला." का? तर पावसाळ्याआधी माळवदावर, त्या मातीच्या छतावर, दर साली तुम्ही नवी पांढरी माती टाकायचात. जुनी खरवडून काढायचा कंटाळा! ओझं वाढत गेलं, आन् सगळं तिच्या अंगावर आलं.

मी भूगोलाची बाई. मला वाटलं, आबाला यातून मी सोडवीन. लई शहाणी ना मी!

दिवाळीत तुमच्या बाजेवर बसून सांगितलं. समुद्राच्या तळाशी मधोमध डोंगररांग हाय. तिथून खडकाचा तापलेला रस वर येतो, थिजतो, दोन्ही बाजूंना सरकतो. रांगेजवळचा खडक नवा, लांबचा जुना, दोन्हीकडं सारखंच. तळ असा पसरतो, आपली जमीन उत्तरेकडं सरकते, पोटात ताण साचतो आन् एक दिवस हादरा बसतो. "यात तुमचा काय गुन्हा, आबा?"

किती मन लावून ऐकलंत! मग विचारलंत, "म्हंजी तळ बघून कळतं, कोणता थर कवाचा ते?"

"हाव."

"मग माळवद बघून बी कळलं असतं. समदे थर माझेच."

मी घाईनं म्हणाले, "अख्खं गाव तसंच करायचं."

"अख्ख्या गावाच्या घरात तुझी माय नव्हती."

त्यानंतर तुम्ही भूकंपाचं नावच काढलं न्हाई. मला वाटलं, पटलं! संक्रांतीला तुम्ही गेलात, तेव्हा शेजारच्या काकूनं सांगितलं, शेवटपर्यंत मायची माफी मागत होते म्हणून. आबा, माझ्यासमोर का न्हाई रडलात? मी काय परकी होते?

उद्या धडा पुरा करीन. समुद्र सांगीन, छतावरचं ओझंही सांगीन, तुमचं नाव न घेता. त्यानं तुमचं काय हलकं होणार? काहीच न्हाई.

पण एवढा शब्द देते. तुमची चूक नव्हती, असं पुन्हा म्हणणार न्हाई. थोडी होती, आबा. तेवढं कबूल करून शेजारी बसले असते, तर तुम्ही एकटे गेला नसता.

तुमची,
सुमन